मिरचीच्या डागावरची ओळ

डोळे मिटा आणि एक मैदान समोर आणा, असे म्हणणार होतो. पण डोळे मिटले तर पुढचे वाचणार कसे? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच आणा. दोन टोकांना लोखंडी खांबांचे दोन गोलपोस्ट. एकामागे रेल्वेचे रूळ, दुसऱ्यामागे अडत दुकानांच्या पाठच्या भिंती. जमले? आता त्यातले गवत काढून टाका, सगळे. दोन्ही गोलपोस्टांसमोर लाल मिरचीचा एकेक मोठा चौकोन पसरा, आणि मैदानाच्या मधोमध मिरचीचाच एक गोल. आता श्वास घ्या. सावकाश. ठसका लागला असेल तर मैदान बरोबर आले आहे.

हे धर्माबादच्या नवयुग फुटबॉल क्लबचे मैदान. जिल्ह्याच्या लीगमध्ये दोन गट होते, आणि नवयुग खालच्या गटात खेळत असे. त्याच्याखाली गट नव्हता.

लातूरची सृष्टी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. महाशिवरात्रीची सुट्टी होती, आणि तिला जोडून शाळेचे रंगकाम निघाले होते, म्हणून ती आईबरोबर मामाकडे आली होती. शाळेच्या संघात ती गोलकीपर होती. उडी चांगली मारते म्हणून नव्हे. गोलमध्ये उभे राहायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. पण एकदा उभी राहिल्यावर तिने ते काम मनावर घेतले होते. गोलकीपरला फक्त गोलसमोरच्या चौकोनात, म्हणजे बॉक्सच्या आत चेंडूला हात लावता येतो, बाहेर नाही. त्यामुळे बॉक्सची ओळ कुठे आहे हे तिला मान न वळवता कळायचे.

तिच्या मामाचे नाव राजशेखर. त्याचे किराणा दुकान होते. उरलेल्या वेळात तो क्लबचा प्रशिक्षक होता, सचिव होता, आणि कुणाचा गुडघा फुटला तर दुकानातली हळद आणून लावणाराही तोच होता. शनिवारी दुपारी तो सृष्टीला मैदान दाखवायला घेऊन गेला आणि वाटेत त्याने मैदानाची हकिकत सांगितली.

जागा एका जुन्या मिरचीच्या व्यापाऱ्याची होती. त्याने गावातल्या पोरांना तिथे खेळू दिले, खांब रोवू दिले, ओळी मारू दिल्या. म्हातारा गेला तेव्हा जागा तिघांत आली: मोठा मुलगा ईश्वरप्पा, धाकटा मलप्पा आणि मुलगी उमादेवी. वाटणीसाठी वकील लागला नाही, कारण ओळी आधीच मारलेल्या होत्या. रुळाकडचा बॉक्स ईश्वरप्पांचा, दुकानांकडचा मलप्पांचा, आणि मधला गोल उमादेवींचा. आठवडाभर प्रत्येकाने आपापल्या ओळीत मिरची वाळवायची. उरलेली जागा सामाईक. तिथे पोती, तराजू, हातगाड्या. या तिघांपैकी कुणीही आयुष्यात एक सामना पाहिला नव्हता, पण पेनल्टी बॉक्समध्ये किती मिरची मावते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

म्हाताऱ्याने जाताना एक शब्द घेतला होता. पोरे लीगमध्ये आहेत तोवर रविवारी मैदान मोकळे ठेवायचे आणि खांबांना हात लावायचा नाही. तिघांनी तो पाळला होता. पण त्या वर्षी नवयुग खालच्या गटात तळाला होता, आणि तळाचा संघ लीगबाहेर जाणार होता. उद्याचा, रविवारचा सामना शेवटचा. बरोबरी झाली तरी क्लब वाचत होता. हरला, तर रुळाकडचे खांब काढून ईश्वरप्पा तिथे पत्र्याचे शेड घालणार होते. पत्रे येऊन भिंतीला टेकून उभे होते. राजशेखरने ते सृष्टीला दाखवले, जसे घरातले फोटो दाखवावेत तसे.

मग तो जाळी बांधायला गेला आणि सृष्टी रुळाकडच्या गोलमध्ये जाऊन उभी राहिली. जरा वेळाने ती पुढे आली, परत मागे गेली, पुन्हा पुढे आली.

तिथे लक्ष्मम्मा मिरची गोळा करत होती. ईश्वरप्पांच्या मिरचीचे सगळे काम ती बघायची. सीमेपलीकडच्या गावातून रोज यायची आणि तिच्या मराठीत तेलुगू मिसळलेली असायची. लहान मुलीला ती ‘पापा’ म्हणायची, तिच्या घरी तसेच म्हणतात.

“काय मोजून राहिलीस गं पापा?” तिने विचारले.

सृष्टीने सांगितले की हा बॉक्स मोठा आहे. पायांना मोठा लागतो.

लक्ष्मम्माने हातातला झाडू न थांबवता तिला कामाची रीत सांगितली. सोमवारी ती पांढऱ्या ओळीपर्यंत मिरची पसरते. मिरची काही ओळ वाचत नाही. थोडी पलीकडे घरंगळते. आठवडाभर तिथे वाळते, बी सांडते, तांबडा डाग पडतो. शनिवारी झाडताना ओळ झाडूबरोबर जाते आणि डाग राहतो. संध्याकाळी क्लबची पोरे येतात आणि डागाच्या कडेने नवी ओळ मारतात. सोमवारी ती पुन्हा ओळीपर्यंत मिरची पसरते.

सृष्टीने यावर बराच विचार केला. “म्हणजे ओळ मिरचीच्या मागं, आणि मिरची ओळीच्या मागं?”

“हाव. दोघी मिळून रुळापासून निघाल्यात. एक दिवस दुकानाला पोचतीन.”

दुसऱ्या टोकाला उलटे होते. मलप्पा अण्णा काटेकोर माणूस. एक मिरची ओळीबाहेर गेली तर ती उचलून आत टाकायचे, आणि गड्यांना ओळीच्या अलीकडेच थांबायला सांगायचे. तिथला डाग दरवर्षी आखडत गेला होता आणि त्याच्याबरोबर बॉक्सही. नवयुगच्या गोलकीपरला त्या बाजूला हात वापरायला इतकी थोडी जागा उरली होती की त्याने चेंडू डोक्याने बाहेर काढायची सवय लावून घेतली होती. लोक त्याला शूर समजत.

सृष्टीने मामाला हे सांगितले. मामाला माहीत होते.

“हाफ टाइमला बाजू बदलतात,” तो म्हणाला. “दोघांना दोन्ही बॉक्स मिळतात. कुणावर अन्याय न्हाई.”

यात काहीतरी चुकते आहे असे सृष्टीला वाटले, पण काय ते लगेच सापडले नाही. तुम्हाला सापडते का बघा. मी घाई करत नाही.

संध्याकाळी मामाने फक्कीचा डबा तिच्या हातात दिला. पाहुण्यांना क्लबतर्फे दिला जाणारा हा सर्वांत मोठा मान होता, कारण दुसरा कोणता मान क्लबकडे नव्हता. डब्याच्या बुडाला भोके होती. हलवत चालले की पांढरी ओळ पडत जायची. सृष्टीने बाजूच्या ओळी मारल्या, मधला गोल मारला, आणि रुळाकडच्या बॉक्सपाशी आली. डागाकडे जाताना तिच्या अंगठ्याला ठेच लागली. तिने चपलेने माती उकरली. खाली वीट होती, जमिनीत उभी पुरलेली. पहिल्या पोरांनी मैदान आखले तेव्हा बॉक्सच्या कोपऱ्यांना विटा पुरल्या होत्या. डाग विटेच्या बराच पुढे होता.

“मामा, वीट इथं हाय.”

“ती जुनी वीट हाय. डागावरून मार.”

तिने डागावरून मारली. मामाने सांगितले होते, आणि डबा मामाचा होता. पण ओळ मारताना तिला मघाची चूक सापडली. बाजू बदलतात हे खरे. पण गोल काही दोन्ही अर्ध्या वेळांत सारखे वाटून होत नाहीत.

रविवारी विष्णुपुरीचा संघ आला. नवयुगच्या मैदानावर पाहुण्यांना सामन्याआधी पाणी, ओला रुमाल आणि गुळाचा खडा देण्याची पद्धत होती. पाहुण्यांना त्याचा अर्थ सामना सुरू झाल्यावर कळायचा. पहिल्या धावेलाच मातीतली बी उडाली आणि विष्णुपुरीचे निम्मे खेळाडू शिंकायला लागले. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली आणि तेही शिंकले, तेव्हा कुणी न मागताच फ्री किक मिळाली. नवयुगची पोरे शांत होती. त्यांची नाके या मैदानावरच मोठी झाली होती.

तरीही पहिल्या अर्ध्या वेळात विष्णुपुरीने गोल केला. गोल करणाऱ्याला तो दिसला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

दुसरा अर्धा वेळ संपत आला. सृष्टी रुळाकडच्या गोलमागे उभी होती. आता विष्णुपुरीचा गोलकीपर त्या गोलमध्ये होता आणि नवयुगची चढाई तिकडेच होती. भागवत हा नवयुगचा सर्वांत वेगवान खेळाडू. एरवी हमाली करायचा. तो चेंडू घेऊन मधून निघाला, बॉक्समध्ये शिरला, आणि विष्णुपुरीच्या एका पोराने त्याला मागून पाडले. भागवत घसरत गेला आणि मातीत एक लांब ओरखडा उठला. बॉक्सच्या आत पाडले म्हणून पंचांनी पेनल्टीची खूण केली.

पेनल्टी म्हणजे जवळजवळ गोल, गोल म्हणजे बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे खांब जागेवर. राजशेखर मैदानाबाहेर खाली बसला. 

विष्णुपुरीचा गोलकीपर पंचांकडे गेला. “सर, हा बॉक्स हाय का वावर हाय? मी गोलमधून निघालो की ओळीपर्यंत जायला रिक्षा लागून राहिली.”

पंचांनी डोळे पुसले. त्यांनी गोलकडे पाहिले, ओळीकडे पाहिले, आणि त्यांनाही ती लांब वाटली. त्यांनी विचारले की ओळी कुणी मारल्या. नवयुगच्या पोरांनी अभिमानाने सृष्टीकडे बोट केले. ती लातूरची पाहुणी आहे हेही सांगितले.

पंच गोलमागे आले आणि वाकून म्हणाले, “बाळ, ओळ बरोबर मारलीस का?”

सृष्टीने मामाकडे पाहिले. मामा जमिनीकडे बघत होता. त्याने मान वर केली असती तर काय झाले असते, मला सांगता येत नाही. त्याने केली नाही.

 सृष्टी जाळीला वळसा घालून आत गेली, विटेपाशी थांबली आणि चपलेने माती बाजूला केली. मग पलीकडच्या कोपऱ्याला गेली आणि तिथलीही वीट उघडी केली. मग तिने फक्कीचा डबा आणला आणि या विटेपासून त्या विटेपर्यंत ओळ मारली. कालच्यापेक्षा सरळ. भागवतचा ओरखडा दोन ओळींच्या मध्ये, म्हणजे विटांच्या बॉक्सबाहेर आला.

पंचांनी दोन्ही ओळी पाहिल्या आणि पेनल्टी रद्द करून फ्री किक दिली. भागवतने ती मारली. चेंडू समोर उभ्या असलेल्या पोरांना लागून रुळाच्या दिशेने उडाला आणि पत्र्यांवर आदळला. पत्र्यांचा आवाज फार मोठा झाला. त्यानंतर शिट्टी झाली. नवयुग लीगबाहेर गेला.

घरी जाताना मामाने जाळी खांद्यावर घेतली होती.   सृष्टी म्हणाली, “मामा, माझ्यामुळं मैदान गेलं.”

“मैदान तिथंच हाय,” मामा म्हणाला. “आपण गेलो.” थोडे पुढे गेल्यावर त्याने तिला भूक लागली का विचारले. लागली होती.

सोमवारी लक्ष्मम्मा मिरची पसरायला आली तेव्हा रुळाकडे दोन ओळी होत्या, आणि त्यांच्यामध्ये मलप्पा अण्णा उभे होते. ते सामन्याला गेले नव्हते, पण पेनल्टी का रद्द झाली हे गावभर झाले होते. इतकी वर्षे मोठ्या भावाने सामाईक जागेत मिरची वाळवली, आणि आपण मात्र ओळीच्या आत जीव आवरून बसलो, हे त्यांना एका रात्रीत कळले होते. ईश्वरप्पा म्हणाले की त्यांनी कधी ओळ ओलांडली नाही. ते खरे होते. ओळच पुढे आली होती. आता क्लब नाही, लीग नाही, तर ओळींचे काय घेऊन बसायचे, असेही ते म्हणाले.

“दादा, ओळ न्हाई तर तुझं किती आन माझं किती?” मलप्पांनी विचारले.

ईश्वरप्पा आपल्या दुकानाकडे वळले.

मंगळवारी सकाळी रुळाकडच्या दोन्ही विटा जागेवर नव्हत्या. कुणी काढल्या ते कळले नाही. त्याच दिवसापासून ईश्वरप्पांच्या दुकानात पाण्याच्या रांजणाखाली दोन विटा आल्या, पण विटा सगळ्या सारख्याच दिसतात.

आता दोन्ही भावांनी मिरची पसरणे थांबवले. पोती सामाईक जागेत साचत गेली. मलप्पा म्हणत, माझा बॉक्स आखडला, तो मला परत पाहिजे. ईश्वरप्पा म्हणत, आधी शेड, मग हिशोब. उमादेवींना दोघांचा आवाज दुकानात ऐकू यायचा. शेवटी त्या मैदानात आल्या आणि दोघा भावांना घेऊन राजशेखरच्या दुकानी गेल्या. बॉक्स किती मोठा असतो याचा नियम कुठे असतो का, असे त्यांनी विचारले. राजशेखरने सांगितले की असतो. सगळ्या जगात एकच माप. ते गोलपोस्टाच्या खांबांपासून घेतात.

“म्हणजे खांब पाहिजेत,” उमादेवी म्हणाल्या.

“खांब पाहिजेत,” मलप्पा म्हणाले. खांब लोखंडाचे होते, सिमेंटमध्ये गाडलेले होते आणि रांजणाखाली मावणारे नव्हते. मलप्पांना ते पहिल्यांदाच आवडले.

ईश्वरप्पांनी पत्र्यांचे काय करायचे असे विचारले. 

मग अडचण अशी आली की ओळ दर आठवड्याला झाडूबरोबर जाते. म्हणजे दर शनिवारी ती नव्याने मारायला हवी. ईश्वरप्पांच्या माणसाने मारलेली मलप्पांना चालणार नव्हती आणि मलप्पांच्या माणसाने मारलेली ईश्वरप्पांना. ज्याला मिरचीशी देणेघेणे नाही आणि तरी दर शनिवारी ओळ मारायचे कारण आहे, असे गावात फक्त फुटबॉल खेळणारेच होते. तेव्हा लीग असो वा नसो, नवयुगने शनिवारी ओळी माराव्यात, रविवारी वाटल्यास खेळावे, असे ठरले. राजशेखर म्हणाला की त्याची हरकत नाही. हे म्हणताना तो वजनकाट्यावरची धूळ पुसत होता, आणि नंतरही बराच वेळ पुसत राहिला.

या शनिवारी ओळ मी मारतो, असे तो म्हणाला. मलप्पांनी मान हलवली नाही. इतकी वर्षे डागावरून ओळ मारणारी पोरे याचीच होती, हे ते विसरले नव्हते.

“जिनं मामाच्या विरुद्ध ओळ मारली,” उमादेवी म्हणाल्या, “तिला बोलवा.”

सृष्टी रविवारी लातूरला परत जाणार होती. शनिवारी संध्याकाळी ती मैदानात आली तेव्हा तिघे आधीच येऊन थांबले होते. लक्ष्मम्मा झाडू घेऊन कडेला बसली होती. राजशेखरने मापाची फीत खांबाला धरली, सृष्टी दुसरे टोक घेऊन चालत गेली, आणि फीत ताणली गेली तिथे तिने चपलेच्या टाचेने खूण केली. दोन्ही भाऊ खूण बघायला पुढे आले. ते एकमेकांवर इतके लक्ष ठेवून होते की आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

सृष्टीने डबा हातात घेतला आणि खाली पाहिले. चार पाय बरोबर ओळीच्या जागेवर होते, दोन पांढऱ्या धोतरातले आणि दोन पायजम्यातले.

तिने दोघांना मागे सरायला सांगितले, ते सरेपर्यंत थांबली, आणि मग डबा हलवत चालायला लागली.